यकृताची गोष्ट, लेखांक ६ : कावीळ उतरते, वण उरतो

जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात कावीळ झाली की बरेच जण आधी भगताला गाठतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, ‘उतरली’ म्हणून सांगतात आणि काही आठवड्यांत ती खरोखरच उतरते. चेष्टा करण्यासारखं यात काही नाही. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा ‘ए’ किंवा ‘ई’ विषाणूची, दूषित पाण्यातून आलेली. गरोदर बाईच्या जिवावर ‘ई’ बेतू शकते, तिला थेट दवाखान्यातच न्यायचं. बाकीच्यांचं यकृत बहुधा आपलं आपण सावरतं आणि श्रेय भगताच्या पदरात पडतं.

पण मग डोळे हळदीसारखे करणारं हे दुखणं मागे काही न ठेवता जातं, आणि कित्येकदा कळतही नाही ती ‘बी’ विषाणूची लागण पंचवीस-तीस वर्षांनी पोटात पाणी करते, हे कसं?

मागे वण न ठेवता जाणाऱ्या दुखण्याचं याच मुलखातलं दुसरं उदाहरण कुपोषणाचं. १९९२-९३च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा एक प्रकार सुजेचा असतो, डॉक्टर त्याला क्वाशिओरकोर म्हणतात. पाय सुजलेले, केस तांबूस आणि उजव्या बरगडीखाली हाताला लागणारं, वाढलेलं यकृत. ते चरबीने भरलेलं असतं. उपाशी लेकराच्या यकृतात चरबी! यकृतातली चरबी बाहेर न्यायला प्रथिनांचं वाहन लागतं. वाहन नाही म्हणून माल गोदामातच पडून राहतो, असं त्याचं जुनं स्पष्टीकरण. आज पूर्ण उलगडा एवढ्याने होत नाही, पण चित्र डोळ्यांसमोर येतं.

जॉन वॉटरलो या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ साली वेस्ट इंडीजमधल्या बाळांच्या अशा यकृतांवर सविस्तर अहवाल लिहिला. तेव्हा धास्ती होती की ही मुलं मोठी होऊन सिऱ्हॉसिसने, म्हणजे यकृत वणांनी भरून गेल्याने, दगावतील. १९६७ साली युगांडातल्या डॉक्टरांनी असा आजार होऊन गेलेल्यांची यकृतं तपासली, तर ती भीती खरी ठरली नाही. पोटभर, सकस खायला मिळालं की चरबी निघून जाते आणि वण राहत नाही.

वण विणणारी पेशी कोणती, हे बघण्यासाठी जरा अंगणवाडीत जाऊ. बाळाला नवव्या महिन्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात, एक मिलिलिटर, म्हणजे एक लाख युनिट. पुढचे डोस दोन लाखांचे, पाच वर्षांचं होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी. चमचाभर औषध वर्षाला दोनदाच पुरतं, कारण शरीर ते साठवून ठेवतं. कोठार यकृतात आहे, मुख्यतः ताराकृती पेशींमध्ये. जर्मन शरीररचनातज्ज्ञ कुप्फर यांनी १८७६ साली त्या प्रथम पाहिल्या. पुढे शंभरेक वर्षं त्यांचं खरं काम कोणाला नीट कळलं नव्हतं.

एरवी या पेशी ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब पोटात घेऊन निवांत बसलेल्या असतात. आजूबाजूच्या पेशी मरू लागल्या, दाह सुरू झाला, की त्या जाग्या होतात, थेंब टाकून देतात आणि कोलॅजनचे धागे सोडू लागतात. घाव भरून काढण्याचं हे काम चांगलंच. घाव थांबला की पेशी शांत होतात किंवा मरून जातात, धागे विरघळतात. ‘ई’ची कावीळ काही आठवड्यांची. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतात, दारूचा घाव रोजचा असतो, आणि साखर-तेलाच्या जेवणातून येणारी चरबीही जेवण तसंच राहिलं तर हलत नाही. तिथे धागे काढून टाकण्यापेक्षा विणण्याचा वेग जास्त पडतो. फायब्रोसिस म्हणतात ते हेच.

फॅटी लिव्हर म्हटलं की सुटलेलं पोट डोळ्यांपुढे येतं. पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांत केलेली पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. लोक गरीब, कष्टकरी, तरी ८.७ टक्क्यांना फॅटी लिव्हर निघालं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचं ना वजन जास्त होतं, ना पोट सुटलेलं. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं होतं की आपल्याकडची बाळं वजनाने हलकी जन्मतात, पण त्या हलक्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं. ‘आमच्याकडे कोण लठ्ठ आहे?’ हा दिलासा म्हणूनच फार टिकत नाही.

वण पडला म्हणजे संपलं, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने तो समज मोडला. ‘बी’चे ३४८ रुग्ण, पाच वर्षं टेनोफोविर हे औषध आणि त्याआधी व नंतर यकृताचा तुकडा काढून तपासणी. ५१ टक्क्यांचा वण मागे हटला. ज्या ९६ जणांना थेट सिऱ्हॉसिस होता, त्यांच्यातल्या ७१ जणांचा पाच वर्षांनी उरला नाही. ‘बी’ आणि ‘सी’ची औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. चरबीमुळे पडलेल्या वणासाठी रेसमेटिरॉम या गोळीला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

वण आहे का, हे ओळखायला दर वेळी सुई लागत नाही. फायब्रोस्कॅनचं यंत्र बरगड्यांमधून हलकी टिचकी मारतं आणि लहर किती वेगाने जाते ते मोजतं. ताजी कलेजी बोटाने दाबली तर मऊ लागते. वणाचं यकृत कडक, त्यात लहर जोरात धावते. यंत्र नसेल तर कागद-पेन्सिल चालते. समजा, वीटभट्टीवर राबणारा ४८ वर्षांचा सडपातळ माणूस हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला. डोळे स्वच्छ, तक्रार काही नाही. रक्ततपासणीत यकृताची विकरं एएसटी ६२ आणि एएलटी ४९, प्लेटलेट एक लाख ४० हजार. वय गुणिले एएसटी, २९७६. प्लेटलेट हजारांत, म्हणजे १४०, गुणिले एएलटीचं वर्गमूळ ७, झाले ९८०. भागाकार ३.०४. हा आकडा १.३च्या खाली असता तर काळजी नव्हती, २.६७च्या वर गेला की वण बराच पुढे गेल्याचा संशय धरतात. आता त्याची ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी करायची, साखर बघायची आणि दारूबद्दल विचारायचं, पण बायकोपोरांसमोर नाही.