ट्रंकेतला पांढरा एप्रन

महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमानामुळे नांदुरा आता दूरदूरच्या प्रवाशांना माहीत झालं आहे. माझ्या लेखी मात्र नांदुरा म्हणजे आजोळ. भुसावळ-अकोला मार्गावरचं स्टेशन, मे महिन्याची सुट्टी आणि आजोबांची काळी लोखंडी ट्रंक! तिला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

आजोबा गेले, दिवसकार्य आटोपलं आणि मगच ती ट्रंक उघडली. आत निघाला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन, एक इंग्रजी दाखला आणि परदेशी तिकिटं लावलेल्या पत्रांचा गठ्ठा. दाखल्यावर गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक यांचं चिन्ह. घरात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, "हा जादूटोण्यातला प्रकार दिसतो. नदीत सोडून द्या." आजीनं मला बाजूला घेतलं. "तुझे आजोबा कशात होते, ते तरी शोधून सांग. वाईट काही नव्हतं ना रे?"

आजोबा रेल्वेच्या नोकरीत मुंबईला असताना फ्रीमेसन झाले होते. लॉजच्या बंद दारांमुळे लोकांनी नाना तर्क लढवले. उत्तरेत तर त्यांच्या इमारतीला 'जादूघर' म्हणत. प्रत्यक्षात ही गवंडीकामाच्या अवजारांना नीतीची प्रतीकं मानणारी मंडळी. १७१७ साली लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली, असं परंपरेनं मानतात. सभासदाची ईश्वरावर श्रद्धा हवी. पण धर्म आणि राजकारण यांवरचे वाद लॉजच्या दाराबाहेर ठेवायचे. म्हणूनच भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता हे ग्रंथ एकत्र मांडलेले दिसतात.

या साऱ्यांवर जगभर हुकूम चालवणारी एकच गादी असेल, असं आपल्याला वाटतं. तसं मुळीच नाही. प्रत्येक ग्रँड लॉज स्वतंत्र. त्या एकमेकींना मान्यता देतात, आणि अशी मान्यता असली की एका देशाचा बंधू दुसऱ्या देशाच्या लॉजमध्ये पाहुणा म्हणून बसू शकतो. दाखला दाखवायचा, वर्गणी भरल्याची खात्री पटवायची, खुणांची परीक्षा द्यायची, की दार उघडतं. ही मान्यता तुटतेही. ईश्वरश्रद्धेची अट फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटनं १८७७ साली काढून टाकली, तेव्हा इंग्लंडनं तिच्याशी संबंध तोडले.

पण दार खरोखर सर्वांना उघडत होतं का? याचं उत्तर मला माणेकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांच्या हकिकतीत सापडलं. पुढे मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी 'अलेक्झांड्रा' ही शाळा काढणारे हेच माणेकजी. मुंबईच्या गोऱ्या साहेबांच्या लॉजनं त्यांना आत घेतलं नाही. दीक्षा मिळाली ती थेट पॅरिसमध्ये! म्हणजे परक्या देशात बंधू, आणि आपल्याच शहरात दाराबाहेर. अखेर जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी पुढाकार घेतला आणि डिसेंबर १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या सनदेखाली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली. भारतीयांना प्रवेश देण्यासाठीच! आश्चर्य असं, की या डॉक्टरांचा सख्खा भाऊ अलेक्झांडर बर्न्स दोनच वर्षांपूर्वी काबुलात जमावाच्या हातून मारला गेला होता. अशा माणसानं परक्यांसाठी दार उघडावं, याचं मोल मला फार वाटतं.

पुढे १९६१ साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजच्या संमतीनं भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. ज्या लॉजना जुन्या सनदेखाली राहायचं होतं, त्या तशाच राहिल्या. मुंबईच्या फोर्ट भागातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये हे सारे एकाच छपराखाली जमत आले आहेत.

आता ती पत्रं. १९५०च्या दशकात आजोबा रेल्वेच्या कामासाठी ग्लासगोला गेले होते. त्या काळी तिथली इंजिनं आपल्याकडे येत. तिथल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. एकदाच लॉजमध्ये भेटलेला एक स्कॉटिश गृहस्थ रोज संध्याकाळी इस्पितळात येऊन बसे. नांदुऱ्याला आजीच्या नावानं पहिलं पत्र आलं ते त्याचंच: तुमचे यजमान बरे आहेत, काळजी करू नये. गावातल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं होतं.

आजीला हे पत्र चांगलं आठवत होतं. पत्र पाठवणारा कोण, हे मात्र इतक्या वर्षांनी कळलं. तिला मी हेही सांगितलं, की आजोबांच्या त्या लॉजमध्ये बायकांना प्रवेश नाही. ती हसली. "नसू दे. माणूस दुखण्यात उशाशी बसला ना? मग वाईट कसं म्हणू?"

मग तिनं मला कागद घ्यायला लावला. आजोबा गेल्याचं कळवलं आणि शेवटी लिहायला सांगितलं: "कधी इकडे आलात तर नांदुऱ्याला उतरा. वरण-बट्टी करीन."

दोन महिन्यांनी त्या गृहस्थाच्या मुलीचं उत्तर आलं. वडील आदल्याच वर्षी वारले होते. नांदुरा हे नाव मात्र तिला लहानपणापासून पाठ होतं. पुढे आजी होती तोवर दर नाताळात तिचं कार्ड येत राहिलं. लॉजची पायरी दोघींपैकी एकीनंही कधी चढली नव्हती.