माहुलीची समाधी आणि आमचा वाघ्या

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तेथल्या देवळांच्या गर्दीत एका कुत्र्याची समाधी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हा कुत्रा छत्रपती शाहू महाराजांचा. (म्हणजे १७४९ साली वारलेले, संभाजीराजांचे चिरंजीव, कोल्हापूरचे नव्हेत. माझे विद्यार्थी येथे हटकून चुकतात!) वाघ अंगावर येत असता कुत्रा भुंकला, महाराज सावध झाले आणि वाचले, अशी कथा सांगतात. त्याबद्दल त्या मुक्या जिवाला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला.

आमच्या मुलखात दुसराही एक राखणदार आहे. त्याला पालखी सोडाच, धड नावही नाही. धनगरी कुत्रा म्हणायचे, झाले! शहरी माणसाला मोठा देशी कुत्रा म्हटले की मुधोळ आठवतो. २००५ साली तो टपालाच्या तिकिटावरही झळकला. पण मुधोळ, म्हणजे आपला कारवानी, हा सडपातळ, लांब पायांचा, सशामागे धावणारा शिकारी. राखण हा त्याचा पिढीजात धंदा नव्हे. माण, खटाव, आटपाडी, जत भागातले मेंढके पावसाळा सरला की बाहेर पडतात. कोणी कोकणात उतरतात, कोणी कृष्णाकाठी येतात. शेतकरी लेंडीखतासाठी त्यांची मेंढरे रानात बसवून घेतात. रात्री मेंढरे वाघरीत, माणसे घोंगडीत आणि सभोवार कुत्री. लांडग्याशी गाठ त्यांचीच.

आमच्या कोरेगावकडच्या रानात असाच वाडा उतरला असता मला एक पिल्लू आवडले. मेंढका म्हणाला, “न्या की मास्तर. पर ह्याला राखाय कायतरी पायजे.”

मी हसलो आणि पिल्लू सांगलीला आणले. नाव ठेवले वाघ्या. दीड वर्षात तो वासराएवढा झाला, तसा साखळीला आला. राखायला मेंढरे नव्हती, म्हणून त्याने आमची गल्लीच राखायला घेतली! दूधवाला फाटकाबाहेरून हाका मारी. एके दिवशी साखळी तुटली आणि वही दाखवायला आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा हात त्याने फोडला. मुलाला टाके पडले, इंजेक्शने घ्यावी लागली. त्याचे वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या हिवाळ्यात मी वाघ्याला घेऊन वाड्यावर गेलो. मेंढक्याने त्याला मेंढरांकडे नेले. वाघ्या दात विचकून त्यांच्यावरच धावला. “आता न्हाई जमायचं,” मेंढका म्हणाला, “कोकरांत वाढला तरच मेंढरं आपली वाटत्यात. ऱ्हाऊ दे, बिऱ्हाड राखंल.”

पुढच्या वर्षी वाडा पुन्हा आमच्या रानात बसला. घोड्यांपाशी वाघ्या होता. मला पाहताच तो जो भुंकत सुटला, तो मेंढक्याच्या म्हातारीने “मास्तर हाईत, गप ऱ्हा!” म्हणून दटावले, तेव्हा कुठे मला पुढे जाता आले.