मीठदाणी आणि रक्ताचा थेंब

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. मूळ मालिका ७९ भागांनंतर थांबली, पण नवी नावे, नवी पात्रे घेऊन तिच्या शाखा पुढे अनेक दशके निघत राहिल्या. आपल्याकडे दूरदर्शनवरही ती दाखवली गेली.

तिच्यातले डॉक्टर मॅकॉय रोग्याच्या अंगावरून एक छोटी नळकांडी फिरवतात. सुई नाही, रक्त नाही, क्षणात निदान! ही नळकांडी म्हणजे खरे तर मीठदाणी. मिठाला हपापलेल्या एका परग्रहवासी प्राण्यावरच्या भागासाठी विचित्र आकाराच्या मीठदाण्या आणल्या होत्या. प्रेक्षकांना त्या ओळखू येणार नाहीत असे वाटले आणि त्या डॉक्टरांच्या हाती गेल्या.

असे यंत्र लेखकांना लागले का? भाग जेमतेम पन्नास मिनिटांचा. रक्त घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, रिपोर्टची वाट पाहा, एवढा वेळ गोष्टीजवळ नसतो. माणसांना क्षणात ग्रहावर उतरवणारे यंत्रही असेच आले. दर आठवड्याला यान उतरताना दाखवणे खर्चात बसत नव्हते. मात्र मालिका लांबली की अडचण होते. सगळे ओळखणारे यंत्र हाताशी असेल तर संकट टिकेल कसे? मग ते ऐनवेळी बिघडते, किंवा रोगच त्याला अनोळखी निघतो.

आता ही नळकांडी धडगाव-अक्कलकुव्याकडे आणू. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच! वाहक मूल तर चारचौघांसारखेच खेळते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तांबडा आणि अवरक्त प्रकाश किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. हा बदल त्याला दिसत नाही.

म्हणून बोट टोचावे लागते. रक्ताचा थेंब ज्या द्रावणात टाकतात, ते ऑक्सिजन काढून घेते. सिकल हिमोग्लोबिन मग विरघळलेले राहत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. पण वाहक आणि रुग्ण, दोघांचेही द्रावण गढूळच होते. त्यांच्यातला फरक विद्युतप्रवाह दाखवतो. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे अल्कधर्मी माध्यमात सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकते. वाहकाच्या रक्ताचे दोन पट्टे पडतात. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. हा फरक कळणे म्हणूनच महत्त्वाचे.

मॅकॉयसारखे यंत्र बनवण्यासाठी २०१२ साली अमेरिकेत मोठी स्पर्धा जाहीर झाली. २०१७ मध्ये बक्षिसे दिली गेली, पण सगळ्या अटी कोणत्याही संघाला पूर्ण करता आल्या नाहीत.

वर्गात मुलांना एक भाग लिहायला सांगा: नळकांडी गप्प आहे, रक्त तालुक्याला गेले आहे, रिपोर्ट चार दिवसांनी येणार. या चार दिवसांत गोष्टीत काय घडते? पात्रांची नावे मात्र काल्पनिकच ठेवायला सांगा. वर्गातल्या कोणाचा रिपोर्ट काय आला, याची चर्चा तिथे नको.