शिफ्ट झालो, शिफ्ट केलं

हार्बर लाइनवर पनवेलच्या अलीकडचे स्टेशन खांदेश्वर. एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी आणि नवीन पनवेल. या भागात भाड्याने राहणाऱ्यांचे वर्ष बारा महिन्यांचे नसते, अकरा महिन्यांचे असते. लीव्ह अँड लायसन्सचा करार संपला, घरमालकाने भाडे वाढवले किंवा मुलांची शाळा लांब पडू लागली, की दारात टेम्पो उभा राहतो. मग शेजारी विचारतात, ‘कुठे शिफ्ट होताय?’ वॉचमन शिफ्टिंगची परवानगी मागतो, सोसायटी शिफ्टिंग चार्जेसची पावती फाडते. लिफ्टमध्ये कपाट मावत नाही म्हणून ते जिन्याने उतरवले जाते. नव्या घरात आधी देव जातात आणि गॅसवर दूध उतू घालवले जाते. विधी जुनेच राहिले आहेत, क्रियापद मात्र इंग्रजी झाले आहे.

हे क्रियापद घर बदलण्यापुरतेही राहिलेले नाही. ‘पेशंटला आयसीयूतून जनरल वॉर्डात शिफ्ट केलं’ या वाक्यासरशी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले अख्खे घर सुटकेचा श्वास घेते आणि उलट दिशेचे तेच वाक्य ऐकून हादरते. मीटिंग सोमवारवरून बुधवारवर शिफ्ट होते. सीईटीचा पेपर पहिल्या शिफ्टला येतो. तळोज्याच्या कारखान्यात कामाला असलेल्याची ‘थर्ड शिफ्ट लागते’, म्हणून त्याच्या घरात सकाळी टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा लागतो.

परक्या क्रियापदाला घरात घेण्याची मराठीची पद्धत ठरलेली आहे. त्याला थेट ‘णे’ लावण्याच्या भानगडीत ती सहसा पडत नाही. ती ते नुसते उभे करते आणि पाठीशी ‘करणे’ किंवा ‘होणे’ देते. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांशी ती अशीच वागली: मंजूर करणे, रद्द होणे, हजर होणे. एखादा शब्द मुरत मुरत पुरता मराठी होतो. अरबी ‘बदल’पासून ‘बदलणे’ झाले आणि ते परके होते हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘शिफ्टणे’ मात्र कोणी म्हणत नाही. शिफ्ट अजून ‘करणे’ आणि ‘होणे’ यांच्या आधारानेच चालते.

या दोन आधारांमध्ये मोठा फरक आहे. इंग्रजीत माणूस स्वतः हलला काय आणि त्याला दुसऱ्याने हलवले काय, क्रियापद एकच. मराठीला तेवढ्यावर भागवता येत नाही. हलणे वेगळे, हलवणे वेगळे. पडणे वेगळे, पाडणे वेगळे. शिफ्ट मराठीत आले तेव्हा त्यालाही या दोन वाटांपैकी एक धरावी लागली. ‘आम्ही खांदेश्वरला शिफ्ट झालो’ म्हणणारा स्वतःच्या निर्णयाने आलेला असतो. ‘आम्हाला शिफ्ट केलं’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत तो निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. खांदेश्वरच्या परिसरात ही दोन्ही वाक्ये बोलणारी माणसे राहतात, म्हणून या शब्दाची गोष्ट इथे सांगण्यात अर्थ आहे.

मुळात या शब्दाचा हलण्याशी संबंधच नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘शिफ्तान’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ वाटणी करणे, हिस्से पाडणे, मांडणी लावणे. पुढे त्यात अदलाबदलीचा अर्थ आला आणि त्यातून जागा बदलण्याचा. बदलून घालायचे वस्त्र म्हणून बायकांच्या आतल्या कपड्यालाही शिफ्ट म्हणू लागले. काही काळाने तो शब्दच असभ्य वाटू लागला. 1907 च्या जानेवारीत डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये जे. एम. सिंग यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगात एका पात्राच्या तोंडी तो आला आणि प्रेक्षागृहात गोंधळ उडाला. लेडी ग्रेगरी यांनी कवी येट्स यांना तारेने हा प्रकार कळवला. आज खांदेश्वरला सासऱ्यांसमोर सून बेधडक म्हणते तो शब्द तिकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चारचौघांत उच्चारायची चोरी होती.

कीबोर्डवरचे शिफ्ट त्यामानाने अलीकडचे आणि अगदी शब्दशः खरे. 1878 मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन नंबर 2 या टाइपरायटरवर पहिल्यांदा लहान आणि मोठी अशी दोन्ही लिपीची अक्षरे छापता येऊ लागली. प्रत्येक खिळ्यावर दोन अक्षरे असत आणि कळ दाबली की यंत्राचा भाग खरोखरच जागेवरून सरकून दुसरे अक्षर कागदावर उमटे. आता सरकायला काही उरलेले नाही, तरी नाव टिकले. देवनागरीला मोठी लिपी नाही, म्हणून इनस्क्रिप्ट कीबोर्डने या कळीला दुसरे काम दिले: ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘प’वर ‘फ’, ‘स’वर ‘श’. त्यामुळे ‘खांदेश्वर’ टाइप करताना शिफ्ट दोनदा दाबावे लागते, आणि ‘शिफ्ट’ टाइप करतानाही दोनदाच.

कामाच्या वेळेसाठी मराठीकडे स्वतःचा उत्तम शब्द होता आणि आहे: पाळी. दिवसपाळी, रातपाळी, पहिली पाळी, दुसरी पाळी हे शब्द गिरणगावाने घडवले आणि घराघरात पोचवले. भोंगा झाला की एक पाळी आत जाई, दुसरी बाहेर येई. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत इतके गाववाले राहत की अंथरूणसुद्धा पाळीपाळीने वापरले जाई. रातपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे. या शब्दात वाट पाहणे आहे, आपली वेळ येणे आहे, दुसऱ्यासाठी जागा सोडणे आहे. ‘शिफ्ट’ त्याची जागा घेत चालले आहे, आणि त्यात मराठीचे नुकसान आहे. ‘रातपाळी’ ऐकताच जागरणाने तांबारलेले डोळे दिसतात. ‘नाइट शिफ्ट’मध्ये तेवढे दिसत नाही.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर पाळ्यांचे ते जगच विस्कटले. त्या कामगारांपैकी काहींच्या वाट्याला घरे आली ती पनवेलजवळच्या कोन गावात; म्हाडाने 2016 मध्ये त्यांची सोडत काढली. आयुष्यभर पाळी केलेली माणसे उतारवयात शिफ्ट व्हायला निघाली.

‘शिफ्ट’ या क्रियापदाचा वाटणीचा मूळ अर्थ इंग्रजीत मागे पडला, पण उत्तर युरोपात त्याच्या नातलगांनी तो जपला. स्वीडनमध्ये 1827 साली ‘लागा शिफ्ते’ नावाची जमीन-फेरवाटणी सुरू झाली. शेतकऱ्यांच्या इकडेतिकडे विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन द्यायची, असा हेतू होता. शेतीला त्याचा फायदा झाला. पण सलग जमीन दूर मिळाली तर घरही तिकडे न्यावे लागे. शेजाराशेजाराने वसलेली कितीतरी जुनी गावे त्यात फुटली, लाकडी घरे मोडून नव्या शेतावर पुन्हा उभारली गेली. जमिनीची वाटणी आणि घर हलवणे, हे दोन्ही अर्थ तिथे एकाच शब्दात एकत्र नांदले.

नवी मुंबईला हे दोन्ही अर्थ ओळखीचे आहेत. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर ते आखले गेले. भातशेती, मिठागरे आणि खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांनी मोबदल्यासाठी मोठा लढा दिला. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे इथल्या बोलण्यात आजही नामासारखे चालते: ‘त्यांचं साडेबारा टक्के अजून व्हायचंय.’

खांदेश्वरपासून थोड्याच अंतरावर, गाढी नदीच्या पलीकडे, नवी मुंबई विमानतळासाठी हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. 1,160 हेक्टरच्या जागेसाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली यांसह दहा गावांना घरे सोडावी लागली. त्यांच्यासाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंडांची तरतूद झाली, पुष्पकनगरसारख्या नव्या वसाहती आखल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या हिशेबाने हे पूर्वीपेक्षा नक्कीच बरे होते. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचे उद्घाटन झाले.

त्या सगळ्या वर्षांत बातम्यांमध्ये एक वाक्यरचना सतत दिसत राहिली: गावे शिफ्ट झाली. जणू गावानेच एके दिवशी उठून टेम्पो बोलावला. सरकारी भाषेतले ‘स्थलांतरित झाली’ हेही त्याच वळणाचे. कर्ता त्यातही सापडत नाही. दोन्ही ठिकाणी ‘करणे’ची जागा ‘होणे’ने घेतली आणि निर्णय कोणाचा होता ते वाक्यातून गळून पडले. मराठी ज्या फरकाबाबत एवढी काटेकोर आहे, तो फरक नेमका इथे पाळायला हवा होता. प्रकल्पग्रस्त हा शब्द निदान झळ कोणाला बसली ते तरी सांगतो.

खांदेश्वर स्टेशनलगत सिडकोच्या नव्या इमारती उभ्या राहत आहेत. तिथल्या घरांसाठी अर्ज भरणारे चेंबूरहून येतील, डोंबिवलीहून येतील, साताऱ्या-जळगावाहूनही येतील, आणि ते शिफ्ट होतील. चिंचपाड्याच्या आणि कोल्हीच्या माणसांना शिफ्ट केले गेले.