मोठ्या क्रूझवर जायचंय? मग हे वाचा

परवा उज्जैनला राम घाटावर क्षिप्रेची आरती संपली आणि शेजारी बसलेल्या इंदूरच्या एका मराठी काकूंनी विचारलं, "त्या प्रचंड क्रूझवर जायचं तर तयारी कशी करायची हो?" पायऱ्यांवर बसून त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

काकूंच्या मनात होतं ते 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब, २० डेकचं. जानेवारी २०२४ पासून मायामीहून सुटतं. त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो, तोही मल्टिपल एंट्री. कारण जहाज बाहेरच्या बेटांवर जाऊन परत अमेरिकेतच येतं. ही गोष्ट बुकिंगआधीच तपासा.

पहिलीच वेळ असेल तर आधी मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाची सफर करा, असं माझं ठाम मत आहे. पावसाळा मात्र टाळा, अरबी समुद्र खवळलेला असतो.

मळमळीचा त्रास असेल तर केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर घ्या. हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात.

'एम्प्रेस'साठी उज्जैनहून अवंतिका एक्स्प्रेसने येणार असाल तर एक दिवस आधीच मुंबई गाठा. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

तिकिटात काय धरलंय हेही नीट बघा. वाय-फाय, मद्य, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे.

केबिन, व्हिसा, जेवण, काहीही विचारा. कमेंटमध्ये उत्तर देतो.