पंचवीस की बावन्न?

दुसरीच्या वर्गात शिक्षक 'पंचवीस' म्हणतात आणि एखादे मूल पाटीवर ५२ लिहिते. मराठी शाळांतली ही नेहमीची चूक. मूल निष्काळजी आहे म्हणून ती होते का? जरा शब्द ऐकू या. 'पंच' आधी येते, 'वीस' नंतर. मुलाने ऐकलेल्या क्रमानेच आकडे लिहिले. म्हणजे त्याने एक नियम पाळला. लिहिण्याचा नियम बोलण्याच्या उलट आहे, हे त्याला अजून उमगलेले नाही.

मूल अनुभवातून स्वतःचे नियम बांधते आणि नवे ज्ञान त्यांच्यावरच उभे राहते, हे ज्ञानरचनावादाचे मूळ म्हणणे. झां पियाजे यांच्या संशोधनातून ते पुढे आले, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्याला स्थान मिळाले आणि २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमामुळे तो शब्द गावोगावी पोहोचला. (काही शाळांत तो रंगवलेल्या फरशीपाशीच थांबला, ही गोष्ट वेगळी!)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचा मुद्दा रास्त होता: जोडाक्षरांनी भरलेली ही नावे मुलांना जड जातात. कन्नड, तेलुगूत दशक आधीच बोलतात. जर्मन भाषेत मात्र आपल्यासारखे एकक आधी. पण नाव बदलल्याने संख्या समजते असे नाही. 'वीस पाच' ऐकून मूल २०५ लिहू शकते, आणि तेही तर्काला धरूनच!

खरी अडचण खोल आहे. पियाजे यांच्या परंपरेतल्या कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांपुढे १६ वस्तू ठेवून, या आकड्यातला '१' म्हणजे कोणत्या वस्तू, असे विचारले. अनेक मुलांनी एकच वस्तू दाखवली. दहाचा एक गट हीच 'एक' वस्तू, ही कल्पना सांगून येत नाही.

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यासारख्या मावळातल्या गावात मुलांनी भाताच्या रोपांच्या जुड्या पाहिलेल्या असतात. पण शेतातली जुडी मुठीच्या अंदाजाने बांधतात, मोजून नव्हे. इथूनच सुरुवात करावी. गटागटाला काड्यांचा ढीग द्या, हव्या तशा जुड्या बांधू द्या. मग विचारा, एका गटाच्या सहा जुड्या, दुसऱ्याच्या चार. काड्या कुणाकडे जास्त? जुड्या लहानमोठ्या असतील तर सांगता येत नाही. थोडे भांडण होऊ द्यावे. सगळ्यांची जुडी सारखी हवी, हे मुलेच म्हणतील. ती दहाचीच का, याचे उत्तर हाताच्या बोटांत आहे!

आता ५२ लिहिणाऱ्याला, खोडून न टाकता, तेवढ्या काड्या मांडायला सांगा. पाच जुड्या मांडताना तोच थबकेल. नाही थबकला, तर शेजाऱ्याच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या पाहून वाद घालेल. शिक्षकांनी तेवढ्यात बरोबर उत्तर सांगून टाकायचे नाही. हेच सर्वांत अवघड.

पुढे दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या मांडल्या, की तिसरी जुडी व्हायला एकच काडी कमी आहे हे दिसते, आणि 'एकोणतीस' हे नाव आपोआप उलगडते. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असेच. ८९ ला एकोणनव्वदही म्हणतात, नव्व्याऐंशीही. मग एखादी मुलगी ९९ ला 'एकोणशंभर' म्हणाली, तर तो शब्द फळ्यावर लिहावा, तो तिला कसा सुचला हे वर्गाला सांगायला लावावे, आणि त्यानंतर 'नव्व्याण्णव' मधले नऊ आणि नव्वद शोधायला द्यावेत.