आकाशमार्ग बंद झाला तेव्हां

ज्या घरचें कोणीच शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परदेशीं गेलेलें नाहीं, असें घर आज आपल्या समाजांत विरळाच आढळेल. निरोपाच्या वेळीं आजीबाईंनीं डोळ्यांस पदर लाविला, कीं घरांतील कर्ता पुरुष त्यांची समजूत घालतो, “अग आई, लंडन हल्लीं काय दूर राहिलें आहे? नऊदहा तासांचा तर प्रवास! हांक मारलीस कीं दुसऱ्या दिवशीं नातू दारांत उभा.” या एका आश्वासनावर अनेक कुटुंबांनीं आपले संसार दोन खंडांत मांडले. तें आश्वासन किती नाजूक होतें, हें इ. स. २०२० सालीं करोनाच्या साथीनें दाखवून दिलें.

ही साथ प्रथम चीनमधील वुहान शहरीं दिसून आली. तेथें अडकलेल्या ६४७ भारतीयांस घेऊन एअर इंडियाचीं दोन प्रचंड विमानें फेब्रुवारीच्या १ व २ तारखांस दिल्लीस उतरलीं, आणि त्या प्रवाशांस घरीं न धाडतां छावण्यांत वेगळें ठेवण्यांत आलें. तोंपर्यंत हें संकट आपणांस दूरचें वाटत होतें. परंतु २२ मार्चपासून परदेशांतून येणारीं नेहमींचीं प्रवासी विमानें थांबलीं, आणि २५ मार्चला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, देशांतल्या देशांत उडणारीं विमानेंहि जमिनीवर उभीं राहिलीं.

पुढील सहा आठवड्यांत कित्येक घरांत जें घडलें, तें आठवलें कीं मन आजहि विषण्ण होतें. इकडे वडील गेले आणि अमेरिकेंतील मुलास येतां येईना. अग्नि पुतण्यानें दिला, आणि मुलानें तें दृश्य फोनच्या पडद्यावर पाहिलें. लेकीच्या बाळंतपणास निघालेल्या आईचें तिकीट रद्द झालें; तर बाळंतपण उरकून परत निघालेली दुसरी आई तिकडेच अडकून पडली, आणि बरोबर नेलेलीं औषधें कशीं पुरवावीं याची तिला विवंचना पडली.

७ मे रोजीं सरकारनें ‘वंदे भारत’ ही मोहीम सुरू केली. पहिलीं दोन विमानें अबू धाबीहून कोचीस व दुबईहून कोझिकोडला आलीं. नोकरी गेलेले मजूर, गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी, विद्यार्थी व ज्यांच्या घरीं मृत्यु घडला आहे असे लोक यांस प्राधान्य होतें. भाडें मात्र प्रवाशानेंच द्यावयाचें होतें: लंडनहून मुंबईस पन्नास हजार रुपये, अमेरिकेहून सुमारें एक लाख. उतरल्यावरहि घरीं जातां येत नसे. प्रारंभीं चौदा दिवस स्वखर्चानें हॉटेलांत वा सरकारनें नेमलेल्या ठिकाणीं राहावें लागे. आपल्या गांवीं पोंचूनहि आपल्या घरीं न पोंचण्याचा हा अनुभव विलक्षण होय. तथापि हेंहि विसरतां कामा नये, कीं त्याच दिवसांत सहस्रावधि मजूर भर उन्हांत, मुलें खांद्यावर घेऊन, पायीं आपल्या गांवीं चालले होते. विमानाच्या तिकिटाची चिंता हें त्यांच्या मानानें सुखाचेंच दुःख म्हणावें लागेल.

२५ मे रोजीं देशांतील विमानें पुन्हां उडूं लागलीं. मुंबईस प्रारंभीं दिवसाला २५ विमानांस उतरण्याची व २५ विमानांस उडण्याची मुभा होती. दिल्ली-मुंबई भाड्याची मर्यादा साडेतीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत सरकारनेंच ठरविली. प्रवासाचें रूप तर ओळखूं येईनासें झालें. दारांतच अंगाचा ताप पाहात. तोंडास मास्क, त्यावर पारदर्शक पडदा. जूनपासून मधल्या आसनावरच्या प्रवाशास अंगभर झगा. विमानांत खाण्याचे पदार्थ बंद. सेविका आपादमस्तक झांकलेल्या; त्यांचें स्मित आहे कीं नाहीं, हें डोळ्यांवरूनच ओळखावयाचें. मुक्कामीं पोंचतांच हातावर घरांत वेगळें राहण्याचा शिक्का उमटे.

बंद नळकांड्यांत दीडशें माणसें कोंबल्यावर हवा विषारी होणार नाहीं काय, अशी शंका सर्वांच्या मनांत होती. वस्तुतः मोठ्या विमानांतील हवा तासाला वीस ते तीस वेळां बदलते. ती छतापाशीं आंत येते व पायांपाशीं बाहेर ओढली जाते. जी पुन्हां खेळविली जाते ती अतिसूक्ष्म कणांपैकीं ९९.९७ टक्के अडविणाऱ्या गाळण्यांतून जाते. धोका होता तो शेजारच्या माणसाच्या खोकल्याचा, आणि त्याहून अधिक रांगांतील गर्दीचा. म्हणून मास्काचें महत्त्व.

या काळांत एक हृदयद्रावक प्रसंग घडला. ७ ऑगस्ट २०२० रोजीं दुबईहून १९० जणांस घेऊन आलेलें विमान कोझिकोडच्या टेकडीवरील धांवपट्टीवरून मुसळधार पावसांत घसरून खालीं कोसळलें. त्यांत २१ जण दगावले. वायुदलांत पूर्वीं सेवा केलेले मराठी वैमानिक कॅप्टन दीपक साठे व त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार हेहि त्यांत होते. स्पर्शालाहि माणसें भीत होतीं अशा त्या दिवसांत आसपासचे गांवकरी अंधारांत धांवले, आणि जखमींस आपल्या वाहनांतून रुग्णालयांत घेऊन गेले. नंतर त्यांस स्वतःलाच वेगळें राहावें लागलें.

जगांत २०१९ सालीं सुमारें ४५० कोटी प्रवासी विमानानें गेले होते. २०२० सालीं ती संख्या सुमारें १८० कोटींवर आली. भारतांतून परदेशीं जाणारीं नियमित विमानें २७ मार्च २०२२ पासून पूर्ववत् झालीं. मास्काची सक्ती त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत उठली, आणि आपण सारें विसरूं लागलों.

परंतु एक गोष्ट विसरूं नये. त्या दिवसांत वृद्धांच्या घरीं भाजी व औषधें कोणीं पोंचविलीं? खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूनें, चुलत भावानें, कधीं नांवहि ठाऊक नसलेल्या तरुणानें. मुलांनीं परदेशीं जाऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मात्र जातांना आईवडिलांच्या कागदपत्रांची व औषधपाण्याची व्यवस्था कोणाकडे आहे, अडीअडचणीस रात्रीं कोणाचें दार ठोठवावयाचें, हें घरांत सर्वांनीं बसून ठरवावें. आणि त्या शेजाऱ्याच्या, त्या पुतण्याच्या घरीं सणावारीं जाणेंयेणें ठेवावें. नऊ तासांचें अंतर विमान उडतें आहे तोंवरच नऊ तासांचें असतें.